पाठीतल्या पाण्याच्या तपासणीबद्दल थोडे (एन्टेरोव्हायरसची शंका असताना)

मेंदूज्वराची शंका आली, आणि तो एन्टेरोव्हायरसमुळे (आतड्यात वाढणाऱ्या विषाणूंच्या गटामुळे) असू शकतो असे वाटले, की डॉक्टर पाठीतले पाणी (मेंदू-मणक्याभोवतीचा द्रव) काढतात आणि बऱ्याचदा बाटल्या नातेवाईकांच्याच हाती देतात. खानापूर, निपाणी, चंदगडहून बसने आमच्या लॅबमध्ये आणलेला नमुना बिघडतो तो बहुधा वाटेत. सगळ्या बाटल्या एकाच बर्फात घातल्या जातात, हे त्यामागचे नेहमीचे कारण.

कल्चरच्या (जिवाणू वाढवून पाहण्याच्या) बाटलीला बर्फ अजिबात नको. मेनिंगोकॉकससारखा जिवाणू थंडीने मरतो आणि कल्चर खोटेच निगेटिव्ह येते. पेशी मोजायची बाटली तासाभरात पोचावी. दोन तासांत न्यूट्रोफिल (एका प्रकारच्या पांढऱ्या) पेशी निम्म्यापर्यंत घटतात. लांबून येणार असाल तर ही मोजणी जवळच्या लॅबमध्येच करून घ्या. साखरेसाठी त्याच वेळचे रक्तही लागते, तुलनेशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. पीसीआरची (विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या तपासणीची) बाटली मात्र बर्फावर, २ ते ८ अंशांत. एन्टेरोव्हायरसचा आरएनए (हाच जनुकीय अंश) उन्हाळ्यात लवकर तुटतो. ०.५ मिली पाणी पुरते, पण ते रक्ताळलेले असेल तर पीसीआर अडते. तसे दिसल्यास आम्ही लगेच डॉक्टरांना फोन करतो.

विषाणूजन्य मेंदूज्वरात एन्टेरोव्हायरस हे सर्वांत मोठे कारण. रिपोर्टमध्ये बहुधा काही दहा ते काही शे पेशी, त्यातही लिम्फोसाइट (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी) जास्त, साखर नॉर्मल, प्रोटीन किंचित वाढलेले. पहिल्या दिवशी न्यूट्रोफिल जास्त दिसून जिवाणूचा भास होतो. तीन महिन्यांखालच्या बाळात तर पेशी नॉर्मल असूनही पीसीआर पॉझिटिव्ह येऊ शकते.

या विषाणूवर खास औषध नाही. असायक्लोव्हिर चालू असेल तर ते हर्पिसच्या शंकेपोटी. पीसीआर पॉझिटिव्ह आली की अँटिबायोटिक थांबवायचे की नाही ते डॉक्टर ठरवतात, तुम्ही मनाने थांबवू नका. बहुतेक मुले आठ-दहा दिवसांत बरी होतात. नवजात बाळ, किंवा हातपाय दचकणारे, ग्लानीत जाणारे मूल असेल तर दवाखाना सोडू नका.

पाणी निगेटिव्ह असूनही डॉक्टर शौच आणि घशाचा स्वॅब मागतात, तेव्हा दोनदा पैसे काढतात असे वाटून घेऊ नका. एन्टेरोव्हायरस ७१ हा प्रकार पाठीतल्या पाण्यात क्वचितच सापडतो. उलट, विषाणू शौचात कित्येक आठवडे येत राहतो, धडधाकट मुलांतही; म्हणून नुसत्या शौचाच्या रिपोर्टवर निदान ठरत नाही. पोलिओचे थेंब अलीकडे दिले असतील तर तारीख फॉर्मवर लिहा, मराठीत वा कन्नडमध्ये. लशीतला विषाणूही एन्टेरोव्हायरसच आहे.

घरी सॅनिटायझरवर विसंबू नका. या विषाणूला चरबीचे आवरण नसते, त्यामुळे अल्कोहोल कमी पडते. शौच धुतल्यावर साबणाने २० सेकंद हात चोळा. लादी-संडाससाठी १ लिटर पाण्यात ५ टक्क्यांचे २० मिली हायपोक्लोराइट (ब्लीचचे द्रावण) घाला, १० मिनिटे ओले ठेवा, मग पुसा.

१५ वर्षांखालच्या मुलाचा हात-पाय अचानक लुळा पडला तर आमच्याकडे न येता थेट सरकारी दवाखाना गाठा. तिथे २४ तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने पोलिओसाठी घेतले जातात, मोफत.