मिस्सा आणि उपासना : नव्या पाहुण्याला दारातच काय सांगावं

चर्चमध्ये पहिल्यांदा पाऊल ठेवणाऱ्याला कॅथलिकांची मिस्सा आणि प्रोटेस्टंट मंडळीची (म्हणजे चर्चची) उपासना एकच वाटते. क्रूस, बाकं, बायबल, गाणी, शेवटी आशीर्वाद, सगळं दोन्हीकडे असतं. एका चर्चमध्ये वाढलेला ख्रिस्ती माणूस दुसरीकडे गेला तरी हीच गत. म्हणून स्वागताला दारात उभं राहणाऱ्याला फरक नीट ठाऊक हवा.

मिस्सा साधारण तासाभराची. फादरांचं प्रवचन दहा-पंधरा मिनिटांत संपतं आणि पुढचा सगळा ओघ वेदीकडे जातो. उपासनेत वचनाला आणि गीतांना जास्त वेळ, पाळकांचा, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंचा, संदेश अर्धा तास सहज चालतो, म्हणून दीड तास धरून या असं सांगावं. मुंबईत एकाच चर्चमध्ये इंग्रजी, कोकणी आणि मराठी मिस्सा वेगवेगळ्या वेळी असतात, तेव्हा वेळ सांगताना भाषाही सांगा. उपासनेत गीतांचे क्रमांक फळ्यावर लावलेले असले तरी नव्या माणसाला ते कसले आकडे हे कळत नाही. ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक नुसतं हातात देऊ नका, पहिलं गीत उघडून द्या.

बसवायचं कुठे? पहिल्या बाकावर कधीच नको. मिस्सेत उठणं, बसणं, गुडघे टेकणं सतत चालू असतं, ते पुढच्यांकडे पाहून करता यावं म्हणून मधल्या रांगा बऱ्या. गुडघे टेकणं जमत नसेल तर शांत बसून राहिलं तरी चालतं, हे आधीच कानावर घाला.

खरी अडचण येते ती भाकरीपाशी. मिस्सेत कम्युनियन, म्हणजे पवित्र भाकर घेण्याचा विधी, दर वेळी असतो. लोक रांगेने पुढे जातात, फादर ‘ख्रिस्ताचं शरीर’ म्हणतात, घेणारा ‘आमेन’ म्हणतो आणि ती पातळ गोल भाकर तिथेच तोंडात घालतो. पाहुणा प्रसाद समजून रांगेत शिरतो, भाकर हातात घेऊन बाकाकडे निघतो, मग कुणीतरी मागून धावतं आणि चारशे डोळे वळतात. त्या माणसाची यात काहीच चूक नसते. कॅथलिक श्रद्धेनुसार ती भाकर म्हणजे साक्षात ख्रिस्त, म्हणून बाप्तिस्मा होऊन कम्युनियनची तयारी झालेले कॅथलिकच ती घेतात, तेही आधी तासभर उपाशी राहून. इतर चर्चच्या ख्रिस्ती माणसानेही जागेवर बसून प्रार्थना करावी. हे दारातच, हळू आवाजात आणि कारणासकट सांगा. रांगेत अडवणं फार उशिराचं आणि फार दुखावणारं असतं.

प्रोटेस्टंटांकडे याच विधीला प्रभुभोजन म्हणतात. ते बऱ्याच मंडळ्यांत महिन्यातून एकदाच, बहुधा पहिल्या रविवारी असतं. दुसऱ्या मंडळीच्या बाप्तिस्मा झालेल्या सभासदाला पुष्कळ ठिकाणी मोकळं आमंत्रण असतं, तरी आपल्या पाळकांना आधी विचारून ठेवा. उत्तर भारताची मंडळी (सीएनआय) हे प्रोटेस्टंट चर्च २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन उभं राहिलं, त्यामुळे त्याच्यातही पद्धती दोन दिसतात. जुन्या अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या) चर्चमध्ये वेदीपुढच्या कठड्यापाशी गुडघे टेकून एकाच प्याल्यातून घेतात. मिशनऱ्यांच्या वळणाच्या मंडळ्यांत भाकरीचे तुकडे आणि द्राक्षरसाचे छोटे पेले जागेवर येतात. तिथे तबक समोर आलं की पाहुणा गोंधळतो. ‘घ्यायचं नसेल तर शेजारी पुढे द्या’ एवढं त्याला आधी सांगितलेलं पुरतं.

येशूने शिकवलेल्या ‘प्रभूच्या प्रार्थने’त ख्रिस्ती पाहुणाच फसतो. उपासनेत ती ‘राज्य, पराक्रम व गौरव’ या ओळीपर्यंत सलग म्हणतात. मिस्सेत त्याआधी सगळे थांबतात, फादर एकटे एक छोटी प्रार्थना म्हणतात आणि मगच ती ओळ सर्वांच्या तोंडी येते. सवयीने पुढे म्हणत राहिलेल्याचा एकट्याचा आवाज घुमतो.

उपासनेत सूचनांच्या वेळी नव्यांना उभं करून नाव विचारण्याची रीत आहे. प्रेमानेच करतात, पण लाजऱ्या माणसाला ती शिक्षा होते. ‘नाव पुकारलं तर चालेल का?’ असं दारात विचारा, नको म्हणाला तर पाळकांपर्यंत पोचवा आणि नंतर चहापाशी स्वतः जाऊन ‘जय ख्रिस्त’ म्हणा.