आगमनकाळ आणि उपवासकाळ: रंग एकच, पापाकडे बघणं वेगळं

नोव्हेंबर सरत आला की बेळगाव कॅम्पात काय किंवा खानापूरकडच्या गावांत काय, एका रविवारी फादर जांभळा पोशाख घालून वेदीपाशी उभे राहतात आणि मागच्या बाकांवर कुजबुज होते, उपवास सुरू झाला काय? असं वाटणं साहजिक आहे. हा आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या आधीचे चार रविवार; पण हाच रंग ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात, कपाळाला राख लावतात त्या राखेच्या बुधवारपासून दिसतो. दोन्ही काळांत रविवारच्या मिस्सामधलं, म्हणजे मुख्य उपासनेतलं, गौरवगीत थांबतं, दोन्ही काळांत कन्फेशनला, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली द्यायला, या म्हणून सांगितलं जातं, आणि दोन्हींत एक रविवार गुलाबी असतो: आगमनात तिसरा, उपवासकाळात चौथा. त्यातच शेजारी मार्गशीर्षातले गुरुवार चालू असतात. गल्लीतल्या काकू विचारतात, "तुमचापण उपास चालू हाय काय?" आणि आपण "हो, तसंच काहीतरी" म्हणून मोकळे होतो.

तसंच नाही ते. दोन्ही काळ आपल्याला पापाचा विचार करायला बसवतात, पण बसवतात वेगवेगळ्या जागी. हे नीट कळलं नाही तर नाताळच्या आधीचे हे मोलाचे दिवस एक तर अर्धवट उपवासात जातात, नाही तर नेवऱ्या, करंज्या आणि कपडेखरेदीत.

आधी हिशेबाच्या गोष्टी. उपवासकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो आणि ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारच्या संध्याकाळपर्यंत चालतो; येशूच्या रानातल्या 40 दिवसांची ती आठवण. आगमनकाळात चार रविवार. पहिला रविवार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांच्यामध्ये कधीही येतो, म्हणून हा काळ कमीत कमी 22 आणि जास्तीत जास्त 28 दिवसांचा. कॅथलिक चर्चच्या नियमांत प्रायश्चित्ताचे दिवस म्हणून वर्षभरातले शुक्रवार आणि उपवासकाळ सांगितले आहेत. आगमनकाळाचं नाव त्यात नाही. उपवासकाळात 'आलेलुया' एकदाही गायलं जात नाही, आगमनात ते चालूच राहतं. गाणाऱ्या मंडळींना हा फरक सगळ्यांत आधी कळतो.

तरी दोन्हींची गल्लत होते, त्यामागे इतिहासही आहे. पाचव्या शतकात, आजच्या फ्रान्समधल्या तूर शहराचे बिशप पेर्पेतुअस यांनी 11 नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या सणापासून नाताळपर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपवासाचा नियम घालून दिला होता. पूर्वेकडच्या चर्चेसमध्ये नाताळाआधी 40 दिवसांचा उपवास आजही आहे, आणि केरळातले सीरो-मलबार ख्रिस्ती 1 डिसेंबरपासून 25 दिवसांचं व्रत पाळतात. तेव्हा कुणाच्या आजीने आगमनात मटण वर्ज्य केलं असेल तर तिला चुकीचं म्हणू नये. तिच्या पाठीशी जुनी परंपरा आहे.

खरा फरक पोटात नाही, नजरेत आहे. उपवासकाळात आपण क्रुसाकडे बघत पापाचा विचार करतो. शुक्रवारी क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या दुःखाची थांब्याथांब्याने चालणारी प्रार्थना, करताना प्रत्येक थांब्यावर एकच गोष्ट पुढ्यात येते: माझ्या पापाची किंमत कुणीतरी दिली. तिथे मी काय धरून बसलोय, काय सोडायला हवं, हा प्रश्न असतो. म्हणून तिथे त्याग शोभतो आणि कपाळावर राख शोभते.

आगमनात क्रूस समोर नसतो, कुणीतरी येत असतो. आणि सुरुवात येशू जन्मला त्या बेथलेहेमपासून होत नाही, जगाच्या शेवटापासून होते. पहिल्या रविवारचं शुभवर्तमान दर वर्षी ख्रिस्ताच्या दुसऱ्या येण्याबद्दल असतं. तीन वर्षांच्या वाचनक्रमातल्या एका वर्षी येतो तो मत्तयाचा 24वा अध्याय: नोहाच्या दिवसांत लोक खात होते, पीत होते, लग्नं करत होते, आणि पूर येईपर्यंत त्यांना कळलंच नाही. मला या ओळी फार लागतात. त्यात खून नाही, चोरी नाही, व्यभिचार नाही. जेवणं आणि लग्नं आहेत. तुळशीचं लग्न झालं की आपल्याकडे लग्नसराई असते, ऊस तोडून कारखान्याला जात असतो, नाताळची पाहुणेमंडळी ठरत असतात, आणि यातलं काहीच पाप नाही. पाप एवढंच की या धांदलीत देव येणार आहे ही गोष्ट आपण मनातून काढून टाकलेली असते. प्रार्थना तोंडाने चालू, वाट बघणं बंद. उपवासकाळातल्या आत्मपरीक्षणात हे पाप सापडणं अवघड, कारण तिथे आपण मोठे डाग शोधत असतो.

दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारी बाप्तिस्मा करणारा योहान येतो. यशया संदेष्ट्याच्या शब्दांत तो सांगतो, प्रभूची वाट सरळ करा, दऱ्या भरा, डोंगर खाली करा. 3 डिसेंबरच्या संत फ्रान्सिस झेवियरच्या सणासाठी जे इकडून चोर्ला घाट उतरत जुन्या गोव्याला चालत जातात, त्यांना हे चढउतार पायांत माहीत असतात. योहान तसेच चढउतार माणसाच्या मनात दाखवतो. लोक त्याला विचारतात, मग आम्ही काय करायचं? तो कुणालाही रानात बोलवत नाही. दोन अंगरखे असतील तर एक नसणाऱ्याला दे. जकातदाराला सांगतो, ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नकोस. शिपायाला सांगतो, धाक दाखवून पैसे काढू नकोस. ज्याच्या त्याच्या धंद्यातलं पाप त्याच्या त्याच्या पुढ्यात.

हे आपल्या भागात आणून बघा. योहान आज इथे उभा राहिला तर शेतकऱ्याला विचारेल, बांध किती कोरलास? नांगराच्या प्रत्येक फेरीत वीतभर, दर वर्षी थोडा, आणि दहा वर्षांत भावाचा एक सरी जमिनीचा तुकडा आपल्याकडे. चाळीस दिवस मांसाला शिवला नाहीस, ते ठीक, पण त्या भावाशी बोलणं बंद आहे त्याचं काय? व्याजाने पैसे देणाऱ्याला विचारेल, कारकुनाला विचारेल. आणि कोकणी, मराठी, कन्नड अशा वेगवेगळ्या भाषांत जिथे उपासना चालतात, तिथे आपल्याला हेही विचारेल की दुसऱ्या भाषेतल्या मिस्साला आलेल्या माणसाबद्दल तुझ्या मनात काय आहे. हा शेवटचा प्रश्न सीमाभागातल्या आपण सगळ्यांनीच घ्यायचा आहे, दोन्ही बाजूंनी.

आता तारणाबद्दल. चौथ्या रविवारी मरीया आणि योसेफ येतात. देवदूत योसेफाला सांगतो की हा मुलगा आपल्या लोकांना त्यांच्या पापांपासून तारील. रोमच्या राज्यापासून नाही, कर्जापासून नाही. आणि हे तो सांगतो तेव्हा कुणीच तयार नसतं. योसेफ तर मरीयेला गुपचूप सोडून द्यायच्या विचारात असतो. आगमनाचं सगळं बळ या क्रमात आहे. आपण सुधारलो म्हणून तो येत नाही. तो निघालेला आहे, म्हणून आपण सुधारायला लागतो. प्रेषित पौलानेही रोममधल्या ख्रिस्ती लोकांना हेच लिहिलं, आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला. उपवासकाळात या वाक्यातलं मरण जड होतं, आगमनात 'पापी असतानाच' हे शब्द.

म्हणून आगमनातलं आत्मपरीक्षण मन खचवणारं होत असेल तर कुठेतरी उपवासकाळ मध्ये शिरला आहे असं समजावं. उलट बाजूचीही चूक दिसते. हा आनंदाचा काळ, मग पापाचं बोलणं कशाला, असं म्हणणारेही भेटतात. तारणारा येतोय म्हणायचं आणि कशापासून तारणार ते विचारायचं नाही, याला अर्थ नाही. प्रोटेस्टंटांपैकी मेथडिस्ट मंडळींत पाळकांपुढे एकांतात कबुली देण्याची रीत नाही, उपासनेत सगळे मिळून कबुली देतात; पण योहानाचे प्रश्न त्यांनाही तेच.

कॅथलिकांसाठी एक व्यवहाराची सूचना. नाताळच्या आदल्या दिवसांत कन्फेशनला रांग लागते, आणि आपण घाईघाईत नेहमीची चार पापं सांगून बाहेर पडतो. दुसऱ्या किंवा तिसऱ्या आठवड्यातच जा. कारण दुसऱ्याचं जे घेतलं ते परत करणं हाही पश्चात्तापाचाच भाग आहे, आणि बांध मागे घ्यायचा तर भावाला बोलवून, त्याच्यासोबत शेतात उभं राहून जुन्या खुणा शोधाव्या लागतात. ते 24 तारखेच्या रात्री होत नाही.