कोंडी मागे पळते

उसाचा हंगाम सुरू झाला की सांगली-मिरज रस्त्यावर रोज संध्याकाळी ट्रॅक्टर दिसू लागतात. परवा विश्रामबागेत एका मित्राच्या गच्चीवरून बघत होतो. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर संथपणे चाललेला. मागच्या ट्रॉलीतून बाहेर आलेला ऊस ओढायला दोन शाळकरी पोरं धावली आणि त्यांना चुकवायला एका रिक्षावाल्यानं करकचून ब्रेक मारला. पोरं ऊस घेऊन पसार झाली, रिक्षा निघाली, ट्रॅक्टरही दिसेनासा झाला. तरी मागे गाड्या थांबतच राहिल्या. ब्रेक लागला तो रस्ता केव्हाच मोकळा झाला होता, पण थांबण्याची जागा मिरजेच्या दिशेनं मागे मागे सरकत होती. तिथं अडकलेले लोक हॉर्न वाजवत होते, पुढं काय झालंय म्हणून माना उंच करत होते. पुढं काहीच झालं नव्हतं.

ही लाट असते. गाड्या पुढे जातात, लाट मागे येते. पुढच्यानं ब्रेक मारला हे लक्षात यायला मागच्याला क्षणभर लागतो, म्हणून तो थोडा जास्त दाबतो. त्याच्या मागचा त्याहून जास्त. असं करत करत दहावा-पंधरावा पूर्ण थांबतो.

जपानमध्ये युकी सुगियामा आणि सहकाऱ्यांनी हे प्रत्यक्ष करून पाहिलं. 230 मीटर परिघाच्या गोल रस्त्यावर 22 गाड्या सोडल्या आणि सगळ्यांना ताशी 30 किलोमीटरनं चालवायला सांगितलं. सिग्नल नाही, खड्डा नाही, वळून येणारं कुणी नाही. तरीही थोड्याच वेळात कोंडी तयार झाली आणि ताशी सुमारे 20 किलोमीटर वेगानं मागे सरकू लागली. 2008 साली हे प्रसिद्ध झालं.

हा वेग येतो कुठून, ते घरबसल्या काढता येतं. थांबलेल्या रांगेत एका कारला पुढची फट धरून साधारण 7 मीटर जागा लागते. पुढची हलल्यावर मागची हलायला दीडेक सेकंद जातो. म्हणजे रांग सुटण्याची लाट दीड सेकंदात 7 मीटर मागे जाते, ताशी जवळपास 17 किलोमीटर. सिग्नल हिरवा झाला तरी विसावी गाडी अर्धा मिनिट जागची हलत नाही, ती याच हिशेबानं.

आता या रांगेत ट्रॅक्टर घाला. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या 1990 च्या शहरी रस्त्यांच्या कोष्टकात प्रत्येक वाहन रस्त्यावर किती कारच्या बरोबरीचं धरायचं ते दिलंय. दुचाकी अर्धी ते पाऊण कार, ट्रॅक्टर-ट्रॉली 4 ते 5 कार. एकूण वाहनांत तिचा वाटा वाढला की 4 चे 5 होतात. मला वाटतं, आपल्याकडे खरा प्रश्न ट्रॅक्टरच्या लांबीपेक्षा त्याच्या थांबण्याचा आहे. भरलेल्या दोन ट्रॉल्या एकदा थांबल्या की पुन्हा वेग घ्यायला फार वेळ घेतात आणि तेवढ्यात मागे नवी लाट उठते. म्हणून हंगामात उसाची वाहतूक गर्दीच्या वेळी चौकाचौकांत अडवण्यापेक्षा गर्दीची वेळ टाळून सलग जाऊ द्यावी. रस्ता रुंद करूनही, पुढचा चौक तेवढाच राहिला तर रांग फक्त रुंद होते.

लाट मारता मात्र येते, आणि तेही एका गाडीला. अमेरिकेत ॲरिझोना राज्यात अशाच गोल रस्त्यावर वीसेक गाड्यांमध्ये संगणकानं चालणारी एकच गाडी सोडली होती. ती पुढच्याला चिकटायला धावत नव्हती, अंतर राखून एकसारख्या वेगानं चालत होती. तेवढ्यानं लाटा विरल्या आणि सगळ्या गाड्यांचं मिळून इंधन 40 टक्क्यांपर्यंत वाचलं.

आपल्या रस्त्यावर सोडलेल्या फटीत लगेच दुचाकी घुसते, हे खरंय. काल ट्रॅक्टरमागे मी कार मुद्दाम लांब ठेवली. दोन मोटारसायकली मध्ये आल्या. मी पाय थोडा उचलला, पुन्हा अंतर पडलं. आणखी एक स्कूटर आली, पुन्हा पाय उचलला. मागे स्कूल बस होती. पुष्पराज चौकाचा सिग्नल येईपर्यंत आरशात ती हळू झालेली दिसली, थांबलेली एकदाही दिसली नाही.