विकासक नळ पुरतो, पुढे तो कोणाचा? मलवाहिन्यांच्या अटींची पार्श्वभूमी

नव्या वसाहतीचा आराखडा मंजुरीला गेला की मलनिस्सारण खात्याकडून अटींची लांबलचक यादी हाती पडते. नळाचा व्यास अमुकपेक्षा कमी नको, उतार तमुकपेक्षा सौम्य नको, ठरावीक अंतरावर मॅनहोल हवे, पिण्याच्या पाण्याच्या नळापासून लांब राहायचे. काम झाल्यावर हवेच्या दाबाची चाचणी, कॅमेऱ्याने तपासणी, बँक हमी, मग वर्ष-दोन वर्षांचा दोषदायित्व कालावधी, म्हणजे त्या काळात निघालेला दोष विकासकानेच दुरुस्त करायचा. हे सगळे पार पडले तर ती वाहिनी शहर ताब्यात घेणार. विकासकांना ही यादी जाचक वाटते, आणि तिच्यामुळे घरांच्या किमती वाढतात ही त्यांची तक्रार खोटी नाही. तरीही यातल्या बहुतेक अटी कोणाच्या तरी फसगतीतून आलेल्या आहेत. नळ पुरून कोणी निघून गेला आणि दुरुस्तीचे बिल भलत्याच दारात जाऊन पडले, असे गेल्या पावणेदोनशे वर्षांत वारंवार घडले. या अटींची घडण मुख्यतः इंग्लंड आणि अमेरिकेत झाली.

लंडनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी गटारांचे काम पावसाचे पाणी वाहून नेणे एवढेच होते. घरातला मैला शोषखड्ड्यात जायचा आणि तो गटारात सोडायला १८१५ पर्यंत बंदी होती. गटारांचा कारभार आठ वेगवेगळ्या आयोगांकडे होता. मापे, आकार, पातळ्या यांचा एकमेकांशी मेळ नव्हता. वरच्या भागातले मोठे गटार पुढे लहान गटारात सोडलेले, असे प्रकार अभियंता जोसेफ बॅझलजेट यांनी नंतर नोंदवून ठेवले आहेत. १८४८ मध्ये यांपैकी सात आयोग मोडून एकच महानगर आयोग आला. त्याच वर्षी लंडनबाहेरच्या गावांसाठी झालेल्या सार्वजनिक आरोग्य कायद्याने नवे घर सांडपाण्याच्या निचऱ्याच्या सोयीशिवाय बांधणे बेकायदा ठरवले. बांधणाऱ्यावर घातलेल्या आजच्या अटींचे मूळ इथे सापडते.

पण घरे गटारांना जोडण्याचा धडाका लावताना गटारांच्या पुढच्या टोकाला काय होणार याचा विचार झाला नाही. शोषखड्ड्यांतला मैला टेम्स नदीत गेला आणि त्याच नदीचे पाणी लोक पीत होते. १८४८-४९ च्या कॉलऱ्यात एकट्या लंडनमध्ये १४ हजारांवर माणसे गेली. १८५८ च्या उन्हाळ्यात नदीची दुर्गंधी संसदेच्या सभागृहापर्यंत पोहोचली, तेव्हा कुठे बॅझलजेट यांच्या सुमारे १३२ किलोमीटर लांबीच्या मुख्य वाहिन्यांना पैसा मिळाला. त्याआधी, १८५५ च्या कायद्याने, कोणत्याही स्थानिक मंडळाने नवे गटार बांधण्यापूर्वी त्याचा आराखडा आयोगाच्या जागी आलेल्या महानगर मंडळाकडून मंजूर करून घेणे बंधनकारक झाले होते. तुमच्या जोडणीने खालच्या वाहिनीवर किती भार येतो ते आधी दाखवा, असे आज शहर विकासकाला सांगते, त्यामागे हाच अनुभव आहे. माझ्या मते साऱ्या यादीतली सर्वांत महत्त्वाची अट हीच, आणि घाईच्या मंजुऱ्यांत सर्वांत आधी तिच्याकडेच दुर्लक्ष होते.

मालकीचा घोळ मात्र पुढची सव्वाशेहून अधिक वर्षे चालला. इंग्लंडच्या १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात एक साधी विभागणी होती: एकाच घराचा नळ घरमालकाचा, आणि दोन किंवा अधिक घरांचे सांडपाणी वाहून नेणारी वाहिनी, काही अपवाद सोडले तर, स्थानिक प्राधिकरणाची. कागदावर ही विभागणी सरळ दिसते. प्रत्यक्षात बांधकाम करणाऱ्याने चाळीतल्या घरांचे नळ मागच्या अंगणांतून एकत्र जोडले, की ती वाहिनी आपोआप सार्वजनिक व्हायची. सांधे गळके असोत, उतार उलटा असो, तिचा नकाशाही नसो. दुरुस्ती करदात्यांच्या माथी, आणि बांधणारा केव्हाच पुढच्या शेतात नवी घरे बांधायला गेलेला.

१९३६ च्या कायद्याने हे चक्र उलटे फिरवले. १ ऑक्टोबर १९३७ पासून नवी वाहिनी आपोआप सार्वजनिक होणे थांबले. प्राधिकरणाने ती रीतसर स्वीकारली तरच ती सार्वजनिक. हेतू चांगला होता, पण फटका दुसऱ्या बाजूला बसला. हस्तांतरणाच्या कटकटीत न पडता विकासक घरे विकून मोकळे होऊ लागले आणि वाहिनी ना शहराची ना विकासकाची अशा अवस्थेत राहू लागली. कायद्याने ती रहिवाशांची सामाईक मालमत्ता असायची आणि हे बहुतेकांच्या गावीही नसायचे. शेजाऱ्याच्या अंगणाखाली नळ फुटला की खर्चात आपलाही वाटा आहे, हे नोटीस आल्यावर समजायचे. अखेर १ ऑक्टोबर २०११ रोजी इंग्लंड आणि वेल्समधल्या, सार्वजनिक जाळ्याला जोडलेल्या अशा बहुतेक खासगी वाहिन्या एका फटक्यात जल कंपन्यांकडे सोपवण्यात आल्या. आता तिथे विकासकाने १९९१ च्या जल उद्योग कायद्याच्या कलम १०४ खाली आधीच करार करायचा, कंपनीच्या मापदंडांनुसार बांधायचे आणि हमी ठेवायची, अशी रीत आहे. वाहिनी आपोआप शहराच्या गळ्यात पडली तर बांधणारा हलगर्जी करतो आणि ताबा ऐच्छिक ठेवला तर रहिवासी अडकतात, हे दोन्ही अनुभव घेतल्यावरच हा करार आला.

तांत्रिक अटींची कूळकथा अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात उत्तम दिसते. १८७८ च्या पीतज्वरात तिथे पाच हजारांहून अधिक माणसे मेली. शहर इतके खचले की दुसऱ्याच वर्षी त्याची सनदही गेली. रोग घाणीतून पसरतो असे समजून १८८० मध्ये अभियंता जॉर्ज वॉरिंग यांनी तिथे पावसाचे पाणी पूर्ण वगळून फक्त मैल्यासाठी वेगळी वाहिनी टाकली. पीतज्वर डासांमुळे पसरतो हे सिद्ध व्हायला १९०० साल उजाडले, म्हणजे रोगाचे निदान चुकलेलेच होते. तरीही पावसाचे पाणी आणि मैला वेगळे ठेवण्याची कल्पना टिकली, आणि आज नव्या वसाहतीला बहुतेक ठिकाणी तीच अट असते.

वॉरिंग यांच्या मांडणीत घरजोडणीचा नळ ४ इंची आणि रस्त्यातला ६ इंची होता. प्रत्येक शाखेच्या डोक्यावर एक टाकी होती, तिच्यातून दिवसातून एकदा भसकन पाणी सोडून नळ धुतला जायचा. खर्च वाचवण्यासाठी मॅनहोल जवळपास ठेवलेच नव्हते. लवकरच ६ इंची नळ तुंबू लागले आणि तुंबा नेमका कुठे आहे ते शोधायला रस्ता खणण्यावाचून मार्ग उरला नाही. नंतर मॅनहोल बसवावी लागली. आज अमेरिकेत रस्त्यातल्या सार्वजनिक मलवाहिनीचा किमान व्यास साधारणपणे ८ इंच असतो. ग्रेट लेक्स परिसरातल्या राज्यांच्या मंडळाचे मापदंड, जे त्या दहा राज्यांच्या बाहेरही प्रमाण मानले जातात, ८ इंची नळाला १०० फुटांत किमान ०.४ फूट उतार मागतात आणि लहान व्यासाच्या वाहिन्यांवर दर ४०० फुटांच्या आत मॅनहोल. उताराचा हा आकडा येतो वेगातून: नळ भरून वाहताना पाणी सेकंदाला २ फुटांपेक्षा हळू चालले, तर घाण तळाशी बसत जाते आणि वाहिनी स्वतःला धुऊ शकत नाही. पाण्याच्या नळापासून आडवे १० फूट, आणि एकमेकांना ओलांडताना उभे १८ इंच अंतर, ही अट तर कोणालाही समजावून सांगावी लागू नये.

पैशाची बाजू अमेरिकेत १९२० च्या दशकात उघडी पडली. तेव्हा प्लॉट पाडून विकण्याची लाट होती. शहरे कर्जरोखे काढून मोकळ्या माळावर रस्ते आणि मलवाहिन्या टाकायची आणि तो खर्च प्लॉटधारकांवर विशेष आकारणी करून वसूल करायची. मंदी आली, प्लॉटधारकांनी कर भरणे सोडले आणि रिकाम्या माळाखालच्या वाहिन्यांचे कर्ज शहरांच्या डोक्यावर राहिले. हे टाळण्याचे हत्यार योगायोगाने तयार होते. हर्बर्ट हूवर वाणिज्य मंत्री असताना त्या खात्याने १९२८ मध्ये एक नमुना नियोजन कायदा प्रसिद्ध केला होता. प्लॉटिंगच्या मंजुरीआधी रस्ते, पाणी आणि मलवाहिन्या यांची कामे करून घ्यावीत, किंवा कामाच्या बदल्यात हमीपत्र घ्यावे, असा अधिकार त्यात नगर नियोजन मंडळाला होता. आधी नळ मग विक्री, नाहीतर पैसे ठेव म्हणून जमा करा, ही आजची रीत तिथून रुळली.

युद्धानंतरच्या उपनगरांत अनेकांनी सेप्टिक टँकची पळवाट काढली. दाट वस्तीत त्यांचे पाणी भूजलात उतरले आणि न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडसारख्या भागात विहिरींच्या पाण्याला डिटर्जंटचा फेस येऊ लागला. वाहिनी जवळ असेल तर जोडणी सक्तीची, हा जुना नियम त्यानंतर अधिक कडक झाला. त्याच काळात घरजोडणीसाठी डांबर मुरवलेल्या लगद्याचे स्वस्त नळ सर्रास वापरले गेले. मातीच्या भाराने ते चपटे होत गेले आणि काही दशकांनी घरमालकांना अंगणे उकरून ते बदलावे लागले. मंजूर साहित्याची यादी शहराकडे का असते, हे त्या घरमालकांना विचारावे.

अमेरिकेच्या १९७२ च्या स्वच्छ जल कायद्याने मलप्रक्रिया केंद्रांना केंद्र सरकारकडून ७५ टक्क्यांपर्यंत अनुदान मिळू लागले. अनुदानाआधी वाहिन्यांत भूजल आणि पावसाचे पाणी किती शिरते ते शहरांना तपासावे लागे. गळक्या सांध्यांतून शिरलेले स्वच्छ पाणी प्रक्रिया केंद्राची क्षमता खाते, त्यामुळे नव्या वाहिनीच्या चाचण्या कसोशीने होऊ लागल्या. हवेची चाचणी अशी असते: दोन मॅनहोलमधल्या नळाची दोन्ही टोके बुचांनी बंद करायची, आत चौरस इंचाला साधारण ४ पौंड दाब भरायचा, तो स्थिरावू द्यायचा आणि मग साडेतीनवरून ठरावीक पातळीपर्यंत खाली उतरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजायचे. नळाचा व्यास आणि लांबी यांनुसार ठरलेल्या वेळेआधी दाब उतरला, तर गळका सांधा शोधून पुन्हा चाचणी. पीव्हीसी नळ असेल तर भराव टाकून किमान ३० दिवस झाल्यावर त्यातून एक ठोकळा ओढतात. नळ ५ टक्क्यांहून जास्त चपटला असेल तर ठोकळा अडकतो. तीस दिवस थांबण्याचे कारण साधे आहे: भराव बसायला वेळ लागतो, आणि घाईने दाबलेली माती पहिल्या दिवशी काहीच दाखवत नाही.

१९८१ च्या दुरुस्तीने अनुदान ५५ टक्क्यांवर आणायचे ठरले आणि १९८७ मध्ये अनुदानांच्या जागी कर्जे आणण्याची व्यवस्था झाली. शहरांनी मग मोर्चा विकासकांकडे वळवला, आणि किती मागायचे यावर कोर्टकचेरी सुरू झाली. मूळ चौकट मात्र फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्येच डनेडिन शहराच्या खटल्यात घालून दिली होती: नव्या जोडण्यांमुळे लागणाऱ्या विस्ताराचा खर्च नव्या जोडणीदारांकडून घेता येईल, पण तो पैसा त्याच कामासाठी राखून ठेवला पाहिजे. डनेडिनच्या ठरावात तशी तरतूद नव्हती, म्हणून तो टिकला नाही. पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या डोलन खटल्यात शहराची मागणी आणि प्रकल्पाचा परिणाम यांत ढोबळ प्रमाण हवे असे ठरवले, आणि २०१३ च्या कून्ट्झ खटल्यात हीच कसोटी पैशाच्या मागणीलाही लावली. मला हे निकाल रास्त वाटतात. शहराची जुनी थकलेली वाहिनी नव्या घरखरेदीदाराच्या पैशाने बदलून घेणे हाही अन्यायच आहे.

वाहिनी लांबवण्याची अट याच वादात येते. अनेक शहरे विकासकाला वाहिनी फक्त आपल्या प्लॉटपर्यंत न आणता प्लॉटच्या पलीकडच्या हद्दीपर्यंत न्यायला लावतात, म्हणजे पुढच्या माणसाला तिथून जोडता येते. आपल्या गरजेपेक्षा मोठा व्यास टाकायला सांगितला, तर वाढीव खर्च शहर देते किंवा नंतर जोडणाऱ्यांकडून वसूल करून ठरावीक वर्षांपर्यंत पहिल्याला परत करते. हा परताव्याचा करार काम सुरू होण्याआधीच करून घ्यावा लागतो, आणि लहान विकासक नेमके तिथेच चुकतात. सखल जमिनीवर उताराऐवजी पंपिंग स्टेशनचा प्रस्ताव आला, तर बहुतेक शहरे उतारावरची वाहिनी खरोखरच शक्य नाही याचा हिशेब आधी मागतात. पंप बसवण्याचा खर्च विकासकाचा असतो, पण ताबा घेतल्यानंतर वीज, सुटे भाग आणि रात्रीबेरात्री धावणारा कर्मचारी हा सगळा खर्च शहरालाच करावा लागतो.