फॉरमॅट झालेल्या लॅपटॉपमध्ये काय उरतं

जुना लॅपटॉप दुसऱ्याला द्यायचा ठरला की आपण तो फॉरमॅट करतो, विंडोज नव्यानं टाकतो. स्क्रीन कोरी करकरीत दिसली की काम झालं असं वाटतं. पण सिस्टिम नव्यानं टाकणं वेगळं आणि ड्राइव्ह पुसणं वेगळं.

फाइल डिलीट केली की तिची फक्त नोंद जाते, मजकूर जागच्या जागी राहतो. क्विक फॉरमॅटमध्ये सगळी नोंदवहीच नवी होते, म्हणून तो काही सेकंदांत उरकतो. 500 जीबीची फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क खरोखर पुसायला तासाहून जास्त वेळ लागतो. नवी विंडोज साधारण 20-30 जीबी जागा घेते. तेवढाच जुना मजकूर तिच्याखाली गाडला जातो. उरलेले फोटो, बँकेचे कागद रिकव्हरी सॉफ्टवेअरला सापडू शकतात. संगणक संशोधक सिमसन गारफिंकल आणि अभी शेलत यांनी वापरलेल्या 158 हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्या आणि 2003 मध्ये निष्कर्ष मांडले. चालू स्थितीतल्या 129 पैकी नीट पुसलेल्या होत्या फक्त 12. क्रेडिट कार्डांचे 5,000 हून अधिक क्रमांक त्यांना मिळाले. हा आकडा मला आजही अस्वस्थ करतो.

तबकडीवर एकदा शून्यं लिहिली की पुरतं. 35 वेळा लिहावं लागतं हा समज संगणक-सुरक्षेचे अभ्यासक पीटर गुटमन यांच्या 1996 च्या निबंधातून पसरला, पण ते त्या काळच्या डिस्कांसाठी होतं.

एसएसडीचा, म्हणजे तबकडीऐवजी चिपांवर मजकूर साठवणाऱ्या ड्राइव्हचा, स्वभाव निराळा. तिच्या प्रत्येक पेशीत, म्हणजे साठवणीच्या इवल्याशा खणात, इलेक्ट्रॉन कोंडून ठेवलेले असतात आणि दर पुसण्यागणिक पेशी थोडी झिजते. झीज सगळीकडे सारखी व्हावी म्हणून आतला कंट्रोलर नवं लिखाण दुसऱ्याच जागी नेतो. तुम्ही जुन्या फाइलवर शून्यं लिहायला सांगता, ती पडतात भलतीकडे. ‘ट्रिम’ आदेशानं सिस्टिम नको असलेली जागा ड्राइव्हला कळवते खरी, पण ती प्रत्यक्ष कधी पुसायची हे ड्राइव्ह ठरवतो.

यावरचा उपाय मला फार देखणा वाटतो. मजकूर पहिल्यापासून कुलूपबंदच, म्हणजे सांकेतिक रूपात (एन्क्रिप्ट करून), लिहायचा आणि पुसायची वेळ आली की तो उलगडणारी चावी, म्हणजे एक गुप्त आकडा, फक्त नष्ट करायची. चावी असते जेमतेम 128 किंवा 256 बिटांची. ती गेली की शेकडो जीबी क्षणात निरर्थक होतात, मग ते कोणत्या पेशीत पडलेत याला महत्त्वच उरत नाही. विंडोजमधलं बिटलॉकर आणि मॅकमधलं फाइलव्हॉल्ट मजकूर असाच कुलूपबंद ठेवतात. अलीकडच्या मॅकमधलं ‘इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज’ हेच करतं. विंडोजमध्ये ‘रिसेट धिस पीसी’ करताना ‘क्लीन डेटा’ चालू करा, तो आपोआप चालू नसतो. लॅपटॉप परक्याच्या हाती जाणार असेल तर रिसेटच्या आधीच बिटलॉकर चालू करून सगळा ड्राइव्ह कुलूपबंद होऊ द्यावा.

चावी गेल्यावर मात्र तुम्हालाही काही परत मिळणार नाही. म्हणून बटण दाबण्याआधी बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून त्यातल्या चार फाइली उघडून पाहा. नुसती नावं दिसली एवढ्यावर थांबू नका.