मामांच्या मलबार नीमला केवडा

मोहोळ तालुक्यात माझ्या मामांचं दोन एकर रान आहे. चार वर्षांपूर्वी त्यांनी ऊस मोडून तिथं मलबार नीम लावला, लाकडासाठी वाढवतात ते झाड. रोपं एकाच रोपवाटिकेतली, लावणी एकाच आठवड्यातली, ठिबकही सगळीकडे सारखंच. आज विहिरीकडच्या ओळींतली झाडं मांडीएवढी जाड झाली आहेत आणि चढाकडची मनगटाच्या पुढे सरकलेली नाहीत. चढाकडच्या झाडांची शेंड्याची पानं पिवळीधमक, फक्त शिरा हिरव्या. मामांनी बांधावरूनच निदान केलं, "केवडा पडलाय." आयुष्यभर ऊस केलेल्या माणसाला हा रंग शिकवावा लागत नाही. तरीही त्यांनी दोनदा युरिया टाकला. पिवळं दिसलं की युरिया, हे हाताला लागलेलं वळण.

युरियातून मिळतं ते नत्र, म्हणजे नायट्रोजन. ते कमी पडलं की झाड जुन्या पानांतलं नत्र काढून कोवळ्या पानांना देतं, म्हणून पिवळेपणा खालून सुरू होतो. लोहाचं तसं नाही. एकदा ज्या पानात गेलं तिथून ते सहसा हलत नाही. त्यामुळे पुरवठा तुटला की जुनी पानं हिरवीच राहतात आणि नवी पिवळी निघतात. मामांच्या झाडांची खालची पानं हिरवीगार होती, म्हणजे दुखणं लोहाचं होतं.

आता गंमत बघा. सोलापूरची काळी माती बेसाल्ट झिजून झालेली, म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याची, आणि या खडकात लोह भरपूर. झाडाला लागतं किती? पानाच्या सुक्या वजनाच्या दहा हजार भागांत जेमतेम एक भाग. मग कोठारात बसून उपास का?

मी दोन्ही टोकांची ढेकळं आणली आणि मामींच्या फरशी धुवायच्या अॅसिडचे थेंब टाकले. विहिरीकडचं ढेकूळ थोडं कुरकुरलं. चढाकडचं फसफसून उठलं, सोड्याची बाटली फोडल्यासारखं. तो फेस म्हणजे चुनखडीतून सुटणारा कार्बन डायऑक्साइड. चढावरची वरची माती वर्षानुवर्षांच्या पावसानं वाहून गेली आणि खालचा चुनखडीचा थर उघडा पडला. अशा मातीचा सामू, म्हणजे पीएच, आठच्या वर असतो. सामू एकानं वाढला की पाण्यात विरघळलेलं लोह जवळजवळ हजारपटीनं घटतं. लोह मातीतच असतं, पण गंजाच्या रूपात, आणि मुळांना गंज चावता येत नाही. मूळ आपल्या परीनं आम्ल सोडून तो विरघळवायला बघतं. चुना ते आम्ल तिथल्या तिथं मारून टाकतो. त्यात ठिबकनं रान सतत ओलं ठेवलं, की मुळांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मातीत कोंडतो, बायकार्बोनेट वाढतं आणि केवडा आणखी चढतो. म्हणजे मामा पाणी वाढवून दुखणंच वाढवत होते. स्फुरदाचंही, म्हणजे फॉस्फरसचंही, इथं असंच होतं. टाकलेलं बरंचसं चुन्याशी बांधलं जातं आणि मूळ हात चोळत बसतं.

उपाय हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, लोहाचं खत. पण नुसता मातीत टाकला तर काही दिवसांत त्याचाही गंज होतो. शेणखतात मुरवून दिला तर जास्त टिकतो. दहा लिटरच्या पंपाला 50 ग्रॅम हिराकस घालून पानांवर फवारला तर फरक लवकर दिसतो. अर्थात वीस फुटी झाडाच्या शेंड्यापर्यंत पंप पोचवायचा कसा, हा प्रश्न मामांनी मला विचारला तेव्हा मी चहाचा कप उचलला. बाजारातलं चिलेटेड लोह, म्हणजे गंजू नये म्हणून दुसऱ्या रसायनात धरून ठेवलेलं लोह, तेही सरसकट चालत नाही. ईडीटीए नावाच्या रसायनातलं लोह सामू साडेसहाच्या पुढे गेला की त्याच्या पकडीतून सुटू लागतं. अशा जमिनीला ईडीडीएचए प्रकारचं लागतं, आणि ते महाग. हे सगळं रोपं लावायच्या आधी माती परीक्षणात मुक्त चुन्याच्या रकान्यात वाचता आलं असतं. रोपं विकणाऱ्यानं मात्र "कुठल्याही रानात येतं" एवढंच सांगितलं होतं. मलबार नीम मुळात सह्याद्रीच्या ओल्या जंगलातलं झाड. सोलापूरचा पाऊस वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, त्यातही मोठा वाटा सप्टेंबरचा. कोरड्या मातीत अन्नद्रव्यं असूनही मुळांपर्यंत पोचत नाहीत, कारण त्यांची वाहतूक पाण्यातूनच होते.

विहिरीकडच्या चांगल्या ओळींचा हिशेब वेगळा आहे. सुक्या लाकडाचं निम्मं वजन कार्बनचं, आणि तो हवेतून येतो. मातीतली खनिजं लाकडात फार थोडी असतात. ती पानांत, कोवळ्या फांद्यांत आणि सालीत साठतात. कॅल्शियम तर सालीत भरपूर. पहिली दोन-तीन वर्षं, शेजारच्या झाडांच्या फांद्या एकमेकांत शिरेपर्यंत, झाड मातीतून सर्वांत जास्त ओढतं, कारण त्याला सगळी पानं नव्यानं उभी करायची असतात. नंतर ते काटकसरीला लागतं. पान गळायच्या आधी त्यातलं निम्म्याच्या आसपास नत्र आणि स्फुरद परत काढून घेतं, आणि उरलेलं पाचोळ्यातून हळूहळू मातीत येतं. सहा-सात वर्षांत तोडलं तर रान हे काटकसरीचे दिवस फारसे बघतच नाही, पुन्हा नवी रोपं आणि पुन्हा पहिली भूक.

म्हणून तोडणीच्या दिवशी काय ट्रॅक्टरवर चढतं आणि काय रानात राहतं, याला फार महत्त्व. साल रानातच सोलली, पाला-फांद्या ओळींत पसरल्या, तर बरीच खनिजं घरातच राहतात. आमच्याकडे मात्र पाला गोळा करून पेटवायची हौस. पेटवला की नत्र आणि गंधक धुरात जातं. उरते राख, तिच्यातलं पालाश, म्हणजे पोटॅश, पहिल्या वळवाच्या पावसात ओढ्याला. मी हे सांगितल्यावर मामा म्हणाले, "अरे, पाला ठेवला की साप येतात." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

चढाकडच्या बांधावर एक कडुनिंब आहे. कुणी लावलेला नाही, कुणी पाणी दिलेलं नाही. त्याच चुनखडीत उभा आहे आणि शेंड्यापर्यंत हिरवागार. तो वर्षाला थोडंच वाढतो, त्यामुळे त्याची रोजची गरजही थोडी. मामांनी यंदा चढाकडच्या मेलेल्या रोपांच्या जागी त्याच्याच निंबोळ्या टोचल्या आहेत.