पायवाट आधी, फरशी नंतर

विद्यापीठाच्या आवारात काटकोनात आखलेले सुबक रस्ते असतात आणि हिरवळीतून तिरकी गेलेली एखादी मातकट पायवाटही असते. तास गाठायला निघालेल्या पावलांनी ती पाडलेली असते. तिच्यावर उपाय म्हणून तार लावतात, पाटी ठोकतात. खरं तर आराखड्यात काय चुकलं, हे त्या पायवाटेइतकं नेमकं कुणीच सांगत नाही.

जर्मनीतल्या श्टुटगार्ट विद्यापीठाच्या आवारात अशाच पायवाटांचं जाळं उमटलं होतं. भौतिकशास्त्रज्ञ डिर्क हेल्बिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा वाटांचं गणित मांडलं आणि १९९७ साली ते ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत छापून आलं. चालणाऱ्याला जवळची वाट हवी असते, आणि पायांना सुखाची, म्हणजे आधीच मळलेली वाटही हवी असते. पावलागणिक गवत दबतं, वर्दळ थांबली की पुन्हा वाढतं. एवढ्याच नियमांवर संगणकात माणसं चालवली, तर एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत सरळ रेषा उमटत नाहीत. शेजारच्या वाटा एकमेकींकडे ओढल्या जातात, मध्येच मिसळतात. प्रत्येकाला थोडा वळसा पडतो, पण वाटांचं जाळं आटोपशीर राहतं. कुणीही न ठरवता झालेली ही तडजोड मला फार सुंदर वाटते.

पायवाटेवर गवत का उगवत नाही? नुसती पाती चिरडतात म्हणून नव्हे. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा आणि पाणी असतं. त्या दबल्या की मुळं गुदमरतात आणि पाऊस मुरण्याऐवजी वाहून जातो. ओली माती तर फार लवकर दबते. झाडांची बारीक मुळंही बहुतेक वरच्या हातभर थरातच असतात. म्हणून ज्या झाडाखाली रोज गर्दी जमते, ते हळूहळू खंगतं. तिथं पालापाचोळ्याचं जाड आच्छादन हवं आणि बाकं खोडापासून दूर हवीत.

नवी इमारत उभी राहिली की लगेच फरशी घालू नये. गवत लावून काही महिने थांबावं, वाटा पडू द्याव्यात, मग त्याच पक्क्या कराव्यात. पावलं एका जागी आली की बाकीची माती मोकळी राहते.

झाडं लावायची ती या वाटांच्या पश्चिमेला, म्हणजे दुपारनंतरची सावली वाटेवर पडते. दिवसाला ५० लिटर पाणी पानांतून सोडणारं झाड सुमारे ३३ युनिट विजेइतकी उष्णता शोषतं. पण उघड्यावर तो गारवा वारा पांगवतो. चालणाऱ्याला जाणवते ती मुख्यतः सावली, कारण तिच्यामुळे अंगावरचं ऊनही अडतं आणि पायाखालची फरशीही तापत नाही.